डाव्या काचेमागचं घर

ताईच्या हॉलमधला उजेड गेला तो एका मंगळवारी सकाळी, ती कॉफी गाळत असताना. आधी खिडकीबाहेर दोन दोर लोंबकळले. मग दोराला लटकलेला एक माणूस वरून खाली सरकत गेला आणि जाता जाता त्यानं आत डोकावून ताईला सलामही ठोकला. त्याच्या मागोमाग जाळीदार कापडाचा भलामोठा पडदा उलगडत आला. खर्र खर्र करत तो खिडकीवरून खाली उतरला, आणि समोरची नदी, दोन्ही पूल, पलीकडचे डोंगर, सगळं करड्या धुरकटात बुडून गेलं.

"अहो!" ताई ओरडली. "अहो, बाहेर या! बघा काय चाललंय!"

तिचा नवरा अर्ध्या गालाला साबण फासलेला तसाच बाहेर आला. "जाहिरात असेल," तो म्हणाला. "कमिटीनं विचारलं नव्हतं का? इमारतीच्या देखभालीला हातभार म्हणून नदीकडच्या भिंतीवर जाहिरात लावू, म्हणून? तू हो म्हणाली होतीस."

"मला वाटलं, एखादी पाटी असेल!"

"वीस मजली इमारतीवर पाटी कोण वाचणार?" असं म्हणून तो उरलेली दाढी करायला आत गेला.

ही इमारत शहराच्या ऐन मध्यावर होती. कधीकाळी तिथं एका विमा कंपनीची कचेरी होती. मग कंपनी गेली, वीस मजल्यांवर पारव्यांनी संसार थाटले, आणि लोक इमारतीला भुताची म्हणू लागले. मग कुणीतरी ती विकत घेऊन नव्यानं उभी केली. दगड धुतला, पितळेच्या दारांना झळाळी आणली, जुन्या लिफ्टची नक्षी तशीच ठेवून मोटर नवी बसवली आणि कचेऱ्यांची घरं केली. ताईनं गावाबाहेरचं बागेचं घर विकायला लावून इथला अकरावा मजला घेतला, तो केवळ त्या खिडकीपायी. घरी कुणी आलं की ती आधी त्याला खिडकीशी नेऊन उभं करायची, पाण्याचं मग बघायची. "रात्री दिवे लागले ना, की बघत राहावं," असं ती म्हणायची, आणि पाहुणा हरखला नाही तर तिला चुकल्यासारखं वाटायचं.

त्यामुळे तिनं कॉफी तशीच ठेवली, पायात चपला अडकवल्या आणि कुणी आपला उजेड पळवला ते बघायला ती खाली उतरली. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून काहीच कळेना. रस्ता ओलांडून चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसथांब्यापाशी गेली तेव्हा कुठे अख्खी जाहिरात डोळ्यांत मावली.

सहाव्या मजल्यापासून पंधराव्यापर्यंत एका बाईचा चेहरा हसत होता. खळखळून, मान किंचित मागे टाकून. नाकावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि वरचा एक दात जरासा पुढे आलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "आता कसं स्पष्ट दिसतं!"

तो दात ताईच्या ओळखीचा होता. तो सरळ करून घे म्हणून तिनंच तर वर्षानुवर्षं टुमणं लावलं होतं. ती तिची सख्खी धाकटी बहीण होती.

बसची वाट बघणारा एक म्हातारा आपणहून म्हणाला, "काय हसतीये बघा! सकाळी सकाळी बरं वाटलं."

"हसणारच," ताई म्हणाली. "चष्मे विकायचेत त्यांना."

दोघी बहिणींत आठ वर्षांचं अंतर. ताई लहानपणापासून देखणी. शाळेच्या नाटकात राजकन्या ठरलेली, पाहुणे आले की गाणं म्हणायला पुढे तीच. धाकटी आपली मागच्या रांगेत, नाक ओढत. सहाव्या वर्षी तिला चष्मा लागला तेव्हा "ढापणी" हे नाव तिला ताईनंच दिलं, आणि ते असं चिकटलं की पुढे सासरीही तिच्या आधी पोचलं. धाकटीनं त्याचा कधी राग धरला नाही. फोनवर ती स्वतःच म्हणायची, "मी ढापणी बोलतेय." आता ती एका तपासणी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची. सुई टोचायच्या आधी ती असं काही बोलायची की माणूस हसायचा, आणि त्याचं हसू ओसरायच्या आत नळी भरलेली असायची.

आणि ताई? ताई एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात एक फोटोग्राफर आला होता. एका साबणाच्या जाहिरातीसाठी त्याला नवा चेहरा हवा होता. शंभर मुलींतून त्यानं ताईला निवडलं, घरी येऊन वडिलांपुढे बसला, चहाही घेतला. वडिलांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या घरातल्या मुली भिंतीवर लागत नाहीत." झालं, विषय संपला. ताई नळ सोडून न्हाणीघरात रडली. भिंत दुसऱ्याच एका मुलीला मिळाली, आणि ती भिंत चुकवण्यासाठी ताई पुढे कितीतरी दिवस लांबच्या रस्त्यानं कॉलेजला जात राहिली. मग लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून परदेशी गेला. आयुष्य तसं चांगलंच गेलं. पण कुठलीही मोठी जाहिरात दिसली की ताईची नजर आधी त्या बाईच्या चेहऱ्यातली खोट शोधायची, आणि ती सापडली की तिला हुश्श व्हायचं.

आज खोट शोधायची गरजच नव्हती. त्या चेहऱ्यातली प्रत्येक खोट तिला तोंडपाठ होती. पुढे आलेला दात, बसकं नाक, एक भुवई दुसरीहून वर. आणि तरी तो चेहरा सगळ्या चौकाला हसवत होता. वडील आज असते तर, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं आलं, ते फार वाईट होतं. वडील धाकटीला "हो" म्हणाले असते.

ती घरी आली तेव्हा नवऱ्यानं खाली जाऊन सगळं बघून घेतलं होतं. तो आनंदानं नुसता फुलला होता.

"अगं, आपली ढापणी! काय गोड आलीये! तुला बोलली नव्हती?"

बोलली होती. म्हणजे, बोलायला निघाली होती. पंधरवड्यापूर्वी तिचा फोन आला होता, "ताई, एक गंमत झालीये, ऐक ना," आणि घरात खिडकी बघायला माणसं आली होती म्हणून ताईनं "नंतर गं" म्हणून फोन ठेवला होता. नंतर तिनं उलट फोन केला नव्हता.

"चष्मा बदलायला गेली होती म्हणे," नवरा सांगू लागला. त्यानं लगेच फोन करून सगळी हकिगत काढली होती. "दुकानात कंपनीची माणसं फोटो काढत होती. ही त्या पोराला काहीतरी बोलली आणि स्वतःच हसत सुटली. त्यानं पटकन टिपलं. मागाहून विचारलं, वापरू का? ही म्हणाली, वापरा की, घासून थोडाच जाणार आहे."

नवऱ्यानं आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. गप्प बसवेना म्हणून त्यानं कागदावर इमारत काढली, त्यावर चेहरा काढला आणि जाहीर केलं, "आपला हॉल बरोब्बर डाव्या काचेत येतो. स्वयंपाकघर चष्म्याच्या दांडीत. आणि निजायची खोली," तो हसू आवरत म्हणाला, "नाकपुडीत. आजपासून आपण ढापणीच्या नाकात झोपायचं!"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक गोष्ट नीट ऐका," ती म्हणाली. "ही माझी बहीण आहे हे या इमारतीत कुणाला कळता कामा नये."

"का बरं?"

"उगाच मिरवल्यासारखं दिसतं."

"मिरवायला तू कधीपासून लाजायला लागलीस?" असं नवरा म्हणाला, पण तिचं म्हणणं पाळलं.

शनिवारी धाकटी केकचं खोकं घेऊन भेटायला आली. ताई तिला आणायला खाली गेली आणि समोरच्या पितळी दारानं न नेता तिला मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या पिंपांवरून वळसा घालून, सामानाच्या लिफ्टनं वर घेऊन आली.

"मोठी लिफ्ट बंद आहे," ती म्हणाली.

अकराव्या मजल्यावर त्या बाहेर पडल्या त्याच क्षणी मोठ्या लिफ्टची घंटी वाजली आणि आठव्या मजल्यावरची डॉक्टरीण कुणाकडे तरी जायला त्यातून बाहेर आली. ताईनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवून तिला जवळजवळ दारात लोटलं. धाकटी आपला चष्मा पुसत राहिली.

आत आल्यावर मात्र तिची गाडी सुरू झाली. "ताई, मला बाई बघवत नाही स्वतःला. परवा बसमधून वर पाहिलं आणि माझी मीच दचकले. नाकपुड्या बघितल्यास? आमची स्कूटर आरामात आत जाईल! काल एका पेशंटनं सही मागितली. मी म्हटलं, आधी हात पुढे करा, मग सही." ताईचा नवरा पोट धरून हसत होता. मग ती खिडकीशी गेली. "आणि इथून मी कुठे दिसते?"

"तू? हे सगळं तूच," भावोजी म्हणाले.

धाकटीनं काचेला नाक लावलं. जाळीच्या बारीक भोकांतून जेमतेम करडा उजेड येत होता.

"नदी गेली का तुझी?"

"गेली."

"आणि डोंगर?"

"सगळंच."

"ताई, मी बोलू का कंपनीशी? इतकंच सांगते, की माझ्या बहिणीच्या खिडकीपुरतं कापा. डोळ्याला भोक पडलं तर पडलं."

"काही नको!" ताई फटकन म्हणाली. "तू कशाला माझ्यासाठी शब्द टाकतेस?"

हेच तिला सहन होत नव्हतं. धाकटी फुगली असती, टेचात बोलली असती, तर ताईनं तिला दोन वाक्यांत जमिनीवर आणलं असतं. ती विद्या तिला येत होती. पण हिला मिळालेल्या गोष्टीची हिला किंमतच नव्हती. ताईनं जे उराशी धरून आयुष्य काढलं, ते या बयेला चष्मा बदलायला गेली असताना वाटेत सापडलं होतं, आणि त्याला ती भोक पाडायला निघाली होती.

त्या दिवसापासून ताईनं बहिणीचा फोन घेणं बंद केलं आणि जाहिरातीविरुद्ध कंबर कसली. एकेक दार ठोठावून ती बोलायची. वारा येत नाही, कुंड्यांतली झाडं पिवळी पडली, दिवसा दिवे जाळावे लागतात, उद्या आग लागली तर बंबाची शिडी कुठे टेकवणार? यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. नदीकडची माणसं आधीच वैतागलेली होती, त्यांना कुणीतरी पुढे होणारं हवंच होतं. ताई बोलायलाही मोठी ठसकेबाज. तिला स्वतःलाही मधूनमधून वाटायचं की आपण खरोखर वाऱ्या-उजेडासाठीच भांडतोय. फक्त सकाळी दूध आणायला जाताना ती चौक ओलांडून पलीकडे जायची, मान वर करायची आणि त्या चेहऱ्याकडे बघत उभी राहायची. पावसानं रंग जरा उतरलाय का, कोपरा फाटलाय का, ते बघायला. रंग काही उतरला नव्हता.

कमिटीचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना जाहिरात हवी होती, कारण तिच्या जिवावर पितळी दारं चकचकीत राहात होती. त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांची सभा बोलावली. विमा कंपनीचा जुना काउंटरचा हॉल होता, तिथे खुर्च्या मांडल्या. ताई ठेवणीतले कपडे घालून गेली. नवरा तिसऱ्या रांगेत बसला.

ती बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात तिनं सभा ताब्यात घेतली. ती वाऱ्यावर बोलली, उजेडावर बोलली. "घर आमचं आणि डोळे दुसऱ्याचे," असं म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी इतके चेहरे एकटक तिच्याकडे बघत होते. तिला चढल्यासारखं झालं.

मधेच डॉक्टरीण बोलली, "उजेडाचं पटतं हो. पण चेहरा मात्र छान आहे. माझे पेशंटसुद्धा विचारतात, कोण ही म्हणून. तुम्हाला एवढा राग कशाचा? ओळखीची आहे का कुणी?"

इथं ताई थांबली असती तर गोष्ट निराळी झाली असती. पण बोलण्याच्या भरात असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

"माझ्या ओळखीची?" ती हसून म्हणाली. "छे हो! कोण कुठली बाई, माझा काय संबंध? दात काढून उभी आहे आपली. आमच्या घरातल्या मुली भिंतीवर लागत नाहीत."

कुणी हसलं नाही. सगळे ताईच्या खांद्यावरून मागे बघत होते. ताईनं वळून पाहिलं. सेक्रेटरींनी कंपनीचा माणूस बोलावला होता, आणि कंपनीच्या माणसानं सभा खूश व्हावी म्हणून जाहिरातीतल्या बाईंनाच सोबत आणलं होतं. पितळी दाराशी धाकटी उभी होती, कामाच्याच कपड्यांत, पिशवी पोटाशी धरून.

"अरे वा, या या!" सेक्रेटरी उठले. "यांचीच तर चर्चा चाललीये. बोला बाई, तुम्हीही दोन शब्द बोला."

धाकटी पुढे आली. तिनं ताईकडे पाहिलं. ताईला वाटलं, आता ही "ताई" म्हणणार, आणि मग या हॉलमधून बाहेर कसं पडायचं? तिसऱ्या रांगेत नवरा आपल्या बुटांकडे बघत होता.

"मला भाषण येत नाही," धाकटी सभेला म्हणाली. "पण या बाई म्हणतात ते बरोबर आहे. यांची माझी ओळख नाही, पण यांच्या घरात उजेड नाही, हे मला पटतं. माझ्यामुळे कुणाची खिडकी बंद होत असेल तर मला ते आवडणार नाही. उतरवा तुम्ही ते कापड. माझं काही म्हणणं नाही." मग ती ताईकडे वळली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

तुम्हाला. जन्मात तिनं ताईला "तू"शिवाय हाक मारली नव्हती.

सभेनं मोठ्या बहुमतानं ताईच्या बाजूनं कौल दिला. माणसं येऊन तिचा हात हातात घेऊन गेली. तिनं धाकटीला शोधलं, तर ती केव्हाच निघून गेली होती, आणि तिसऱ्या रांगेतली खुर्चीही रिकामी होती.

नवरा दुपारी घरी आला. "तिला सोडून आलो," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली. डॉक्टरनी सांगितलेला व्यायाम करतेस का, म्हणून." आणि वर्तमानपत्र घेऊन तो नाकपुडीत जाऊन पडला. या वेळी मात्र तसं म्हणाला नाही.

ताईनं चार-पाच दिवस तग धरला. जिंकल्याचा आनंद व्हायची ती वाट बघत होती. तो आलाच नाही. बहिणीच्या घरी जायचा धीर होईना. तिथे मेहुणा होता, भाची होती, सगळ्यांदेखत काय तोंड दाखवायचं? शेवटी तिनं आपल्या डॉक्टरनी मागेच सांगून ठेवलेली एक तपासणी आठवली, आणि ती लॅबमध्ये जाऊन इतर पेशंटांबरोबर बाकावर बसली.

तिचा नंबर आला तेव्हा धाकटीनं मान वर केली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बसा. उपाशीपोटी आलात ना?"

"हो."

"नाव सांगा."

"माझं नाव तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं. नियम आहे."

ताईनं नाव सांगितलं. धाकटीनं ते नळीवर लिहिलं, दंडाला रबरी पट्टा आवळला आणि शीर चाचपू लागली. "मूठ आवळा." आधीच्या पेशंटला तिनं हसवलेलं ताईनं बाकावरून ऐकलं होतं. ताईसाठी तिच्याकडे काही विनोद नव्हता. सुई गेली. ताईला चांगलंच दुखलं.

"मला जळायला होतं गं तुझ्यावर," ताई म्हणाली. खालच्या आवाजात, नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत. "तो उजेड, तो वारा, सगळं खरं आहे. पण ते काही नव्हतं. मला तुझा तो चेहरा तिथे बघवत नव्हता. तिथे मी असायला हवी होते."

"माहितीये," धाकटी म्हणाली. "मूठ सोड."

ताईनं मूठ सोडली. आपल्याला ती "सोड" म्हणाली, हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

"मला ते सामानाच्या लिफ्टपासून माहितीये," धाकटी कापूस दाबत म्हणाली. "आणि मी रागावले नाही असं समजू नकोस. मी फार रागावलेय. सभेत मी तुझी लाज राखली, ती काही तुझ्या प्रेमापोटी नाही. दहा मजले व्यापणाऱ्या बाईला तिची सख्खी बहीण ओळख दाखवत नाही, हे चारचौघांत कळायला नको म्हणून. माझी लाज राखली मी."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथं रडू नकोस. बाहेरच्यांना वाटेल, माझा हात जड आहे." धाकटीनं तिचा हात कोपरात दुमडून दिला. "लहानपणी तू नाटकात उभी राहिलीस की मी पडद्यामागून बघायचे. मला वाटायचं, हिचा एक दिवस मला मिळावा, फक्त एक. आणि तो मिळाला तेव्हा माझ्या सगळ्यात आधी मनात काय आलं, माहितीये? की ताईला सांगू. तू फोन ठेवलास."

"चुकलंच माझं."

"चुकलंच," ती म्हणाली, आणि दाराकडे बघून तिनं हाक मारली, "पुढचे कोण? या."

महिन्याच्या शेवटी जाहिरात उतरली. दोरावरची माणसं पुन्हा आली, कापड चरचर करत खाली गेलं आणि हॉलमध्ये ऊन आलं. नदी होती तिथेच होती. डॉक्टरीण मुद्दाम अकराव्या मजल्यावर येऊन म्हणाली, "तुमच्यामुळे झालं बघा सगळं." ताईनं तिला कॉफी दिली, आणि कप तिच्या हातात ठेवताना म्हणाली, "ती जाहिरातीतली माझी सख्खी धाकटी बहीण." डॉक्टरणीनं कप तोंडाला लावला होता तो तसाच राहिला. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं. लिफ्टमध्ये माणसं ताईशी बोलेनाशी झाली, म्हणजे बोलायची, पण हवापाण्याचंच. ताईनं ते सोसलं.

बहिणींचं बोलणं हळूहळू सुरू झालं. आधी गुडघ्यांविषयी, मग तपासणीच्या रिपोर्टविषयी, मग भाचीविषयी. पूर्वीसारखं झालं असं नाही म्हणता येणार. धाकटी आता फोनवर "मी ढापणी" म्हणायची नाही, नुसतं "मी बोलतेय" म्हणायची, आणि ताईनंही तिला पुन्हा त्या नावानं हाक मारली नाही.

चार-सहा महिन्यांनी चष्म्याच्या कंपनीला धाकटीचे आणखी फोटो हवे झाले. या वेळी दुकानात नव्हे, खास स्टुडिओत. "एकटीला भीती वाटते गं, येतेस?" असं तिनं विचारलं. ताई "बघते" म्हणाली, आणि ठरल्या दिवशी तिच्याही आधी स्टुडिओच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आत मोठाले दिवे होते, पांढरा कागद छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला होता. धाकटीच्या चेहऱ्याला कुणीतरी पावडर लावत होतं. फोटोग्राफर तरुण मुलगी होती. ती दिव्यांशी झटत ताईला म्हणाली, "मावशी, जरा तिथे उभ्या राहता? उजेड बघायचाय."

ताई पांढऱ्या कागदावर जाऊन उभी राहिली. सगळे दिवे एकदम तिच्या तोंडावर पेटले. समोरचं काहीच दिसेना, नुसता उजेड. तिची मान आपोआप ताठ झाली, हनुवटी किंचित वर गेली, कुणी न सांगता. कॅमेरा दोनदा खटखटला.

"मस्त," मुलगी म्हणाली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडे बघत. "झालं. व्हा बाजूला."

ताई बाजूला झाली. ते जळणं जुनंच होतं, तेवढंच कडू. ते जाईल असं तिला वाटलं होतं. गेलं नव्हतं.

धाकटी तिच्या जागी येऊन उभी राहिली, अवघडून, हात कुठे ठेवावे ते न कळून. तिच्या कोटाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. मुलीचं लक्ष नव्हतं, पावडरवालीचंही नव्हतं. ताईला दिसत होतं. फोटो मोठा झाला की दोन मजले भरून ती दुमडलेली कॉलर दिसेल. मुलीनं कॅमेरा डोळ्याला लावला. ताई गप्प उभी राहिली. एक फोटो झाला. दुसरा झाला.

"थांबा हो जरा," ताई म्हणाली, आणि उजेडात शिरून तिनं बहिणीची कॉलर सरळ केली.